चाचणीचा भूकंप

उन्हाळा लागला की बाकीचे लोक कूलर बसवायला माणूस बोलावतात. लकडगंजातले मनोहरराव फक्त पक्कड शोधतात. यंदाही त्यांनी दोघा शेजाऱ्यांना हाताशी धरून तो अगडबंब लोखंडी कूलर वरच्या मजल्याच्या खिडकीबाहेर जुन्या अँगलवर चढवला, तारेचे चार वेढे दिले आणि जाहीर करून टाकले, की भूकंप आला तरी हा जागचा हलणार नाही! गोपिकाबाईंनी ऐकून घेतले. नवऱ्याच्या घोषणांची त्यांना सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहररावांनी कूलर काठोकाठ भरला आणि चहाचा कप घेऊन आपली कारागिरी पाहायला खाली आले. बरोबर त्याच खिडकीखाली, सावलीत, गोपिकाबाई गहू निवडत बसल्या होत्या. आवाज मोठा यावा म्हणून त्यांनी फोन स्टीलच्या रिकाम्या गंजात ठेवला होता आणि भजन लावले होते. भजन मध्येच तुटले आणि फोन असा काही किंचाळला, की मनोहररावांचा निम्मा चहा लुंगीवर सांडला. फोन थरथरत होता, त्याच्यासोबत गंज खडखडत होता. हलणारे भांडे पाहून मनोहररावांनी तिथल्या तिथे निदान केले.

"भूकंप हाय वं! ऊठ!"

"अहो, फोन वाजून राहिला."

ऐकतो कोण? ज्या माणसाने स्वतःच्या लग्नातही लाजत लाजत हात धरला होता, त्याने बायकोला मनगट धरून भर रस्त्यावर ओढत आणले. गल्लीला वाटले, इतक्या वर्षांनी दोघांचे वाजले. शेजारची दामिनी तर भांडण सोडवायलाच धावली.

तेवढ्यात मागे धडाम्! कूलर पाण्यासकट थेट गव्हाच्या सुपावर पडला. फोन आणि गंज चेपून एकजीव झाले.

"आला का नाही भूकंप?" मनोहरराव म्हणाले खरे, पण गल्लीत दुसरे काहीच हलले नव्हते.

दामिनीचाही फोन मघाशी तसाच किंचाळला होता. तिने त्यावर आलेला सरकारी आपत्ती-इशाऱ्याचा संदेश वाचून दाखवला: "ही केवळ चाचणी आहे. कृपया दुर्लक्ष करा. आपण कोणतीही कृती करण्याची गरज नाही."

मनोहरराव तिच्याच ओट्यावर मटकन बसले. गोपिका जिथे बसली होती, तिकडे त्यांना पाहवेना. हा संदेश पाठवायचे बटण ज्या कोणी दाबले असेल, त्याचे उपकार या जन्मी फिटणार नव्हते. बायकोचे मनगट त्यांनी अजून सोडले नव्हते.

गोपिकाबाईंनीही ते सोडवून घेतले नाही. त्या म्हणाल्या, "देव त्या मेसेजवाल्याचं भलं करो. पण कोणतीही कृती करू नका, हे त्यानं तुमाले कूलर बांधाच्या वेळी काहून नाही कळवलं?"

मनोहररावांना अजिबात राग आला नाही. ती बोलत होती, उद्याही बोलणार होती, आणि हेच वाक्य आता त्यांना जन्मभर ऐकायला मिळणार होते.