मामांचं रक्तोत्पादन

रक्त हे मूलतः तपासण्यासाठी असतं. अंगात फिरतं ते केवळ तोवर. घड्याळं दुरुस्त करणारे आमचे मामा न्यूमोनियाने बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात दाखल झाले, तेव्हा हे सत्य आम्हाला उमगलं.

विभागाची शिस्त वाखाणण्यासारखी. सकाळी चार बाटल्या रक्त (बाटल्या लहान असतात, मामाही किरकोळच होते), दुपारी दोन, आणि सकाळच्या निकालाची खात्री करायला संध्याकाळी पुन्हा चार. फुप्फुसं सुधारू लागली; हिमोग्लोबिन मात्र घसरत चाललं. मोठे डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "हाडांतली मज्जा सुस्तावलीय. रक्त तीच बनवते. तिला कामाला लावणारं इंजेक्शन देऊ."

इंजेक्शनचा गुण यायला आठवडा तरी लागतो (येतोय का, ते रोज पाहावं लागतं). त्याने गुठळ्या होऊ शकतात (झाल्यात का, हेही रक्तच सांगतं). सबब बाटल्या वाढल्या.

मामींना राहवेना. "डॉक्टर, बनतंय किती आणि काढताय किती?"

"काकू, तेच मोजायला तर काढतोय!"

मामी भिंतीकडे तोंड करून रडल्या. मामा पांढरेफटक पडले होते. आता बाहेरचं रक्त चढवायची भाषा सुरू झाली.

एवढ्यात प्रयोगशाळेतलं यंत्र बंद पडलं. अगदी नडल्याशिवाय कुणाचंही रक्त काढू नये, असा आदेश निघाला. आठवड्याने यंत्र सुरू झालं तेव्हा मामांचं हिमोग्लोबिन वर आलेलं. इंजेक्शनचं यश जाहीर झालं. ज्यांना इंजेक्शन दिलंच नव्हतं त्यांचंही हिमोग्लोबिन वर आलं होतं. त्यांना ते बहुधा शेजारच्या खाटेवरून लागू पडलं.

मामा शुद्धीवर आले. काळेनिळे दंड पाहून त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "मला मारलं कुणी?" मामी कितीतरी दिवसांनी हसल्या.

यंत्र बंद होतं तेव्हा विभागाच्या दाराशी मोठा दंगा झाला, हे सांगायचं राहिलं. तो नातेवाइकांनी केला. "आमच्या माणसाकडे कुणी बघतच नाही! साधं रक्तसुद्धा काढलेलं नाही!" मोठ्या डॉक्टरांना हात जोडून माफी मागावी लागली.

त्या गर्दीत तुम्ही नव्हता. तुमचं कुणी आत नव्हतं, एवढंच त्याचं कारण.