मेश्रामकाकांचा चष्मा कुठे आहे?

मेश्रामकाकांच्या घरात फ्रिजला, माठाला, कपाटाला सुतळीने चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत. चिकटवलेल्या नाहीत, दुहेरी गाठ मारून बांधलेल्या. काकांचं आयुष्य रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेलं आणि डिंकावर त्यांचा आजही विश्वास नाही. चिठ्ठ्यांवर देवनागरीत तुर्की लिहिलंय. टेबलाला 'मासादा', म्हणजे टेबलावर. कपाटाला 'दोलापता', म्हणजे कपाटात.

लेक तुर्कस्तानात, इझमिरला असते. जावई तिकडचाच. पाच वर्षांची नात, एलिफ, तुर्कीशिवाय काही बोलत नाही. म्हणून काका सदुसष्टाव्या वर्षी शिकायला बसले आणि तिसऱ्या धड्यावर, 'वस्तू कुठे आहे', तिथेच थांबले.

"पुढचे धडे काहून नाही घेत?" मी एकदा विचारलं.

"मले पुरते. 'एव' म्हंजे घर, 'एवदे' म्हंजे घरात. इंजिनाच्या मांगं डब्बा जोडला का झालं. पयले माल कुठी हाय ते समजलं पाहिजे, बाकी मंग पाहू."

पुरानी बस्तीतली आमची गल्ली त्यांना विसरभोळे म्हणून हसते. दर रविवारी चार वाजता त्यांचा चष्मा हरवतो.

अशाच एका रविवारी मी गेलो. कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, अर्धे ओढलेले पडदे. काका फोन समोर धरून झोपेत चालल्यासारखे खोल्यांतून फिरत होते.

"गोझलूक नेरेदे?" चष्मा कुठाय?

"मासादा!" फोनातून चिमणा आवाज आला.

काका टेबलापाशी गेले. "योक." नाही.

"दोलापता!"

कपाट उघडलं. "योक."

ऐकता ऐकता माझं भानच हरपलं. हे घर रायपुरात आहे की इझमिरात, हेही मला क्षणभर सांगता आलं नसतं. मग काकू आठवल्या. त्या होत्या तेव्हा पोळी लाटता लाटता, मागे न बघता सांगायच्या, कोणती वस्तू कुठे आहे ते. तेवढ्यात मुरमुऱ्यांच्या डब्यातून चष्म्याची दांडी दिसली.

"काका, हा घ्या!"

एलिफ टाळ्या पिटून हसली, हात हलवला आणि फोन बंद झाला.

काका फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले. "काहून काढला रे बाबू? मीच ठेवला होता तिथी."

"तुम्ही?"

"कशी आहेस, काय खाल्लं, यात पोट्टी दोन मिनिटं नाही थांबत. शोधाले लागली का अर्धा घंटा थांबते. सापडला का गेली."

नोकरीभर या माणसाच्या हातून एकही पार्सल गहाळ झालं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी मी पावणेचारलाच गेलो. काकांना बाहेर बसवलं, त्यांच्या चष्म्याला सुतळी बांधली, दुहेरी गाठ मारली आणि तो कूलरच्या मागच्या खिळ्याला लटकवला.

"कुठी ठेवला?" काका आत येत म्हणाले.

"नाही सांगत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि लहान पोरासारखे हसले. तेवढ्यात फोन वाजला.

त्या दिवशी आजोबा आणि नात, दोघंही पाऊण तास खरोखर शोधत होते.