लिंबाएवढं डिफरन

३ फेब्रुवारी. गिरणीच्या गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीने टाकी लावायचा दिवस. वरचा दगड उतरवायला मोठा पाना लागतो, आणि माझा पाना शेजारी दादाराव खिल्लारे यांच्याकडे होता. तो त्यांच्याकडेच असतो.

दादाराव काकांना कनेरगाव नाक्यावर सगळे ओळखतात ते चाकांमुळे. चार चाकं दिसली की मागचं एक धरायचं, दुसरं फिरवायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं, ही त्यांची सवय. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात त्यांनी वरातीची जीप जॅकवर चढवली. नवरदेव आत बसलेला होता.

"काका, वेळ होऊन राहिला," कुणीतरी म्हणालं.

"होऊ दे. डिफरन गेलं तर नवरी ढकलत आणसान का?"

माझ्या बहिणीने नातवासाठी तीनचाकी आणली, तीही त्यांनी उलटी करून पाहिली. "याला डिफरनच न्हाई. वळताना एक चाक घासते. लेकराला काहून फसवून राहिले?" लेकरू दीड वर्षाचं होतं. त्याची काही तक्रार नव्हती.

डिफरन म्हणजे डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांच्या मधला दातऱ्या चाकांचा गोळा. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काकांनी दुसरं काही उघडलं नाही. ज्याला कळत नाही त्याला ते खळं सांगतात. "मधल्या मेढीभोवती बैल फिरतात ना? आतल्याला कमी चालणं, बाहेरच्याला जास्त. तरी दोघं एकाच दाव्यात. कोणी कोणाला फरफटत न्हाई. ते डिफरन." हे मी इतक्यांदा ऐकलं की एकदा दळणाला आलेल्या बायकांना मीच समजावून सांगितलं. त्यातल्या दोघी आता दुसऱ्या गिरणीत जातात.

काकांची मुलगी प्रज्ञा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करते. रविवारी ती रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत उतरते. हातभर लांबीची गाडी, मातीचा ट्रॅक, आणि कडेला उभी राहून ती चालवणारी मोठी माणसं. याला खेळणं म्हटलेलं काकांना चालत नाही. "बसचंच डिफरन हाय ते, लिंबाएवढं," ते म्हणतात. दोन वर्षांपूर्वी तिच्या गाडीचं ते लिंबू बिघडलं तेव्हा तिने ते मिठाईच्या डब्यात घालून बापाकडे पाठवलं.

पहिल्याच वेळी काकांनी घोळ केला. तेल पाहून ते हसले, कारण तिने पाठवलेल्या तेलावर हजारांतला नंबर होता आणि ते मधासारखं घट्ट होतं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि बसमध्ये घालायचे ते नव्वद नंबरचं तेल भरलं. शर्यतीत पहिल्याच वळणावर आतलं चाक भिंगरीसारखं जागच्या जागी फिरलं आणि गाडी कडेला जाऊन उभी राहिली. वर त्या तेलाने आतल्या रबरी रिंगा फुगल्या. काकांच्या हातची गाडी आजवर परत आली नव्हती. दोन दिवस ते जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाले, "नंबर म्हंजे सगळीकडं एकच नंबर नसते, ताई." मग भाकरी मागितली.

तेव्हापासून त्यांची पद्धत बांधलेली आहे. पार्सल आलं की पाटावर वर्तमानपत्र पसरायचं. उघडण्याआधी मधलं मोठं चक्र धरून एक बाजू फिरवायची. दुसरी बाजू उलटी फिरली तर ठीक. हाताला खरखर लागली तर आत माती गेली. फारच हलकं फिरलं तर तेल गळालं. मग चार स्क्रू काढायचे, तेल बशीत ओतायचं आणि उन्हात धरायचं. तेलात चांदीसारखी चमक असली तर दात झिजले.

एवढ्यावर ते थांबत नाहीत. तेलावरून ते मुलगीही वाचतात.

"तेल काळं आलं," एकदा म्हणाले. "पोरगी रागात गाडी पळवून राहिली. ऑफिसात कोणाशी तरी वाजलं असल."

मी प्रज्ञाला फोनवर सहज विचारलं. वाजलं होतं.

दुसऱ्या एका वेळी तेल अगदी स्वच्छ आलं. काका अस्वस्थ. "महिनाभर चालवलीच न्हाई तिनं. आजारी असल." टायफॉइड झाला होता. तिने घरी सांगितलं नव्हतं.

फोनवर मात्र ही दोघं दातांशिवाय आणि तेलाशिवाय काही बोलत नाहीत. जेवलीस का, असं काकांनी विचारलेलं मी ऐकलं नाही. काकू गेल्यापासून तो प्रश्न त्या घरात विचारायचा राहूनच गेला आहे.

तर ३ तारखेला मी पाना आणायला गेले. काका पाटासमोर बसले होते, डिफरन उघडं पडलेलं. पाना शोधताना माझ्या हाताला एक पत्र्याची डबी लागली. उघडली तर आत लहान लहान पाकिटं, प्रत्येकात काळ्या रबरी रिंगांची नवी जोडी. एकही फोडलेलं नव्हतं. प्रज्ञा दर पार्सलबरोबर एक पाकीट पाठवते हे मला माहीत होतं. चाकाकडे जाणारे दांडे जिथून बाहेर येतात तिथे या रिंगा बसतात आणि तेल अडवतात.

"काका, या घातल्या का नाहीत?"

"लागत न्हाईत."

"मग दर महिन्याला तेल गळतं कसं? तुमच्या हातचं काम तर परत येत नाही ना?"

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुसला. पुसलेला होता, तरी पुसला.

"नवी टाकली तर सहा महिने उघडायचं काम न्हाई," ते म्हणाले.

"मग बरंच आहे की."

"सहा महिने, ताई."

मी पाना शोधत राहिले. तो पाटाखालीच होता.

"रविवारी फायनल हाय तिची," काका आपणहून बोलले. "वीस मिनिटं न थांबता पळवायची. पयल्या खेपंला फायनलात आली. जुन्या रिंगा हायत, चपट्या झाल्यात. मधीच तेल उतरलं तर वळणावर मागं पडल."

"तुम्हाला काय करायचं ते करा. माझा दगड उतरवायचा राहिलाय."

पण मी गेले नाही. त्यांनी एक पाकीट दातांनी फोडलं. चिमट्याने जुन्या रिंगा काढून वर्तमानपत्रावर ठेवल्या, नव्या बोटाने दाबून बसवल्या. आतल्या आडव्या दांडीपर्यंत तेल भरलं, बुडबुडे वर येईपर्यंत थांबले, झाकण ठेवलं आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत आणले. मग एक बाजू फिरवली. दुसरी उलटी फिरली, जड आणि गुळगुळीत.

"बराबर," ते म्हणाले. "आता न्हाई येत हे."

मी पाना घेऊन गेले. दुपारपर्यंत दोन्ही दगडांना टाकी लावून झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गिरणीचा पट्टा आणायला हिंगोलीला जायचं होतं, म्हणून कुरिअरचं पार्सल मीच नेणार होते. मी घ्यायला गेले तेव्हा काका अंघोळीला गेलेले. पार्सल पाटावर बांधून तयार होतं. कालचं वर्तमानपत्र तसंच पसरलेलं, जुन्या रिंगाही तशाच. तेवढ्यात मला प्रज्ञाचा फोन आला.

"मावशी, पार्सल निघालं का?"

"निघतंय. या वेळी नव्या रिंगा घातल्यात त्यांनी."

ती लगेच म्हणाली, "काहून? बाबांची तब्येत बरी आहे ना?"

"धडधाकट आहेत. तुझी फायनल आहे म्हणून घातल्या."

"शर्यतीआधी नव्या तर मी घालतेच, मावशी. शर्यत झाली की जुन्या परत बसवते, एक-दोन दिवस चालवते. गळायला लागलं की पाठवते."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल." मग तिनेच विचारलं, "जुन्या टाकून दिल्या का त्यांनी?"

न्हाणीत पाण्याचा आवाज चालू होता. मी नखाने पार्सलची चिकटपट्टी सोडवली, वर्तमानपत्राचा तुकडा फाडून त्यात दोन्ही रिंगांची पुडी बांधली, डब्यात सरकवली आणि पट्टी दाबून पुन्हा बसवली. मग पार्सल स्कूटीच्या डिकीत ठेवलं आणि हिंगोलीला निघाले.