व्हिनेगरात पडलेलं आलं

टाकी फुकट मिळतेय म्हटल्यावर क्वोककाकांनी ती न बघताच होकार दिला. बंदरावरच्या एका खानावळीने गाशा गुंडाळला होता. जिच्यात समुद्राचे मासे गिऱ्हाइकाच्या बोटाकडे बघत दिवस काढायचे, ती टाकी आता हाँगकाँगच्या एका सरकारी वसाहतीच्या इमारतीत, सतराव्या मजल्यावर, काकांच्या जेवणाच्या टेबलाशेजारी ऐसपैस बसली. काचेवर मिठाचे पांढरे थर, कोपऱ्यांत चुन्याचे खडे आणि मांजरानेही नाक मुरडावं असा वास.

"ह्यात गोड्या पाण्यातले मासे? जगतील का?" क्वोककाकूंनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत चकाचक करतो. अगं, मुलं येतायत. जेवताना बघायला, बोलायला काहीतरी हवं. विषय नसला की तू भलतंच बोलून जातेस."

ते खरं होतं. नववर्षाच्या जेवणात त्यांनी सगळ्यांदेखत सुनेला, सुक-मानला, विचारलं होतं, "नातवाचं तोंड कधी दाखवतेस?" सून अर्धवट जेवण टाकून उठली. तेव्हापासून मुलगा आणि सून इकडे फिरकले नव्हते. आज येणार होते, तेही मुलाच्या एका अटीवर. बाळाचा 'ब' जरी कानावर पडला तरी पुन्हा ह्या घराची पायरी चढणार नव्हते. काकूंनी गेले नऊ महिने स्वतःला इतका दोष दिला होता की ह्या अटीवर त्या आयुष्यभर मुकं राहायलाही तयार होत्या.

काका बाह्या सरसावून कामाला लागले. मासेवाल्याने बजावलं होतं, साबण लावायचा नाही, मीठ आणि चुना व्हिनेगरनेच सुटतो. आता मासेवाल्याचं तंतोतंत ऐकलं तर ते क्वोककाका कसले! गरम व्हिनेगर दुप्पट काम करेल असं ठरवून त्यांनी मोठ्या मातीच्या भांड्यात ते उकळायला ठेवलं. त्यात फडकं बुडवायचं आणि काच घासायची. मीठ सुटलं, पण त्याबरोबर मासळीचा जुना वासही जागा झाला.

"अहो, असल्या वासात मुलं जेवणार?" काकूंनी आल्याचा भलामोठा गड्डा ठेचला आणि भांड्यात टाकला. मासळीच्या वासाला आलं, हे त्यांना आईने शिकवलं होतं. वास खरंच पळाला. जाळीच्या दारातून दुसराच वास बाहेर पडला आणि व्हरांडाभर पसरला.

व्हिनेगरात आलं शिजतंय म्हणजे त्या घरात बाळंतीण आहे, हे त्या मुलखात कोणी कोणाला सांगावं लागत नाही. त्यातच डुकराचे पाय आणि अंडी शिजवतात, बाळंतिणीला घालतात, शेजाऱ्यांना वाटतात. काकाकाकूंच्या डोक्यात तेव्हा फक्त मासे होते.

पहिल्या आल्या शेजारच्या तामकाकू. त्यांनी डोळे मिटून हवा ओढली आणि उकडलेल्या अंड्यांचं पातेलं जाळीचं दार ढकलून आत सरकवलं. "सोलून आणलीत. मुरू द्या चांगली."

"किती मायाळू बाई," काका म्हणाले. तेवढ्यात समोरच्या म्हातारीने डुकराचे चार पाय आणून दिले. मग कोणीतरी बाळाची टोपी आणली.

काकूंनी टोपी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग त्या भांड्याजवळ गेल्या आणि वास घेतला. "अहो, आपण हे काय शिजवून बसलो!"

"विझव, विझव!" काका ओरडले. पण गॅस विझवून वास थोडाच विझतो? बाहेर लिफ्टचं दार उघडलं आणि लगेच तामकाकूंचा आवाज घुमला.

"आली गं बाई! म्हटलं नववर्षापासून सून दिसत नाही, ती ह्याचसाठी! पण पोट कुठाय? झालं पण? मुलगा की मुलगी?"

काकू धावत बाहेर आल्या. सुक-मान लिफ्टपाशीच थिजली होती. तिने नवऱ्याचा हात धरला आणि परत लिफ्टकडे वळली. काकूंना तिचा चेहरा दिसला. त्या दिवशीच्या जेवणात आपण तो बघितलाच नव्हता, हे त्यांना आत्ता कळलं आणि फार वाईट वाटलं.

"तिचं काही नाही!" काकू गरजल्या. "माझं आहे!"

व्हरांड्यातली आणखी दोन दारं उघडली.

"तुमचं?" तामकाकू म्हणाल्या. "एकसष्टाव्या वर्षी?"

"मग? वय माझं, पोट माझं, व्हिनेगर माझं! आणि ह्यापुढे बाळाबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. माझ्या सुनेला एक अक्षर विचारलंत तर ह्याच व्हिनेगरात बुडवीन!"

सगळ्यांच्या नजरा दारात उभ्या काकांकडे वळल्या. काकांनी ओलं फडकं पाठीमागे लपवलं. समोरच्या म्हातारीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि आदराने मान डोलावली.

लिफ्ट आली, उघडली, रिकामीच निघून गेली. सुक-मानचे ओठ थरथरत होते. आता ही रडणार, असं काकूंना वाटलं. ती सरळ चालत आली, सासूच्या हातातली टोपी तिने काढून घेतली आणि सासूचा दंड अलगद धरला.

"आई, चला आत," ती म्हणाली. "अशा दिवसांत फार वेळ उभं राहू नये."