बडोदे शाखेचं वायफाय

वामनराव चिटणिसांनी जुना लॅपटॉप टाकायचा नाही असं ठरवलं, आणि तिथूनच सगळी भानगड सुरू झाली.

तसा लॅपटॉप धडधाकट होता. फक्त एके दिवशी तो उघडल्यावर पडद्यावर कंपनीची सूचना आली, की हे यंत्र आता जुनं झालं, यापुढे त्याला नवं काही मिळणार नाही, नवीन घ्या. वामनरावांचं डोकंच फिरलं. "मला माझ्या घरात येऊन सांगणारे हे कोण? उद्या म्हणतील, चिटणीसही जुने झाले, नवीन घ्या."

"मी कधीची म्हणतेय," मंदाकिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. (त्या कशाबद्दल बोलत होत्या, हे वामनरावांनी विचारलं नाही. बरंच केलं.)

बेंगळुरूच्या सौमित्रने, म्हणजे मुलाने, फोनवरून समजावून पाहिलं. पण बाप ऐकेल तर शपथ. वामनरावांनी त्या कंपनीची सगळी माया पुसून टाकली आणि त्या जागी लिनक्स हे संगणक चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर बसवलं. फुकट, स्वतंत्र आणि कुणाच्या बापाला न जुमानणारं. आपल्या स्वभावाचं काहीतरी संगणकात प्रथमच भेटलं म्हणून ते इतके खूश झाले, की शेजारच्या पटेलकाकांना बोलावून त्यांनी लॅपटॉप चालू-बंद करून दाखवला. पटेलकाका "सरस, सरस" म्हणाले आणि चहा पिऊन गेले.

त्याच संध्याकाळपासून वायफाय जायला लागलं.

एरवी गेलं असतं तर गेलं असतं. पण समोर चिटणीस कुलसंमेलन उभं होतं. पुणे, ग्वाल्हेर, इंदूर, अमेरिका, जिथे जिथे म्हणून चिटणीस रुजले तिथले सगळे यंदा ऑनलाइन जमणार होते, आणि पुढचं संमेलन कुठे भरवायचं ते त्याच दिवशी ठरणार होतं. आजवर दर खेपेला पुण्याने मान पळवला होता. बडोद्याचं नाव निघालं, की कुलमंडळाचे अध्यक्ष बळवंतराव खाकरायचे आणि विषय बदलायचे. यंदा तर त्यांनी कुळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बडोदेकरांविषयी तीन आक्षेपच टाकले होते. एक, यांच्या मराठीत अर्धी गुजराती. दोन, यांच्या ताटात चिटणिसी स्वयंपाकाचा पत्ता नाही. तीन, यांना संस्थानी तोरा, आपलं चुकलं असं यांच्या तोंडून कधी निघायचं नाही.

वामनरावांच्या पूर्वजांनी बडोदे दरबारात लेखणी चालवली होती. हे ऐकून घेतील ते? पुढचं संमेलन बडोद्यात आणीन तरच नावाचा चिटणीस, असं ते नागरवाड्यातल्या आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभे राहून म्हणाले. खाली भाजीवाला होता. तो "हा साहेब" म्हणाला.

भाषण त्यांनी असं बांधलं होतं, की समोरचा चारी मुंड्या चीत झालाच पाहिजे. प्रत्येक आक्षेपाला आधी शांतपणे 'होय' म्हणायचं, समोरच्याला गाफील करायचं, मग छाती भरून श्वास घ्यायचा आणि 'पण' म्हणून तुटून पडायचं. 'होय' एका ओळीचं होतं. 'पण' पानभर.

तालीम सुरू झाली आणि वायफायने छळ मांडला. गंमत अशी, की शांतपणे ईमेल वाचताना ते ठणठणीत चालायचं आणि भाषण ऐन रंगात आलं की गडप व्हायचं. वामनरावांनी मग लिनक्सच्या पोटात हात घातला. वीज वाचवण्यासाठी वायफाय आपोआप झोपतं असं कुठेतरी वाचलं, ते झोपणं बंद केलं. वायफाय-कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम काढून दुसरा बसवला. मग पहिलाच परत बसवला. राउटर कपाटावर ठेवला, नंतर फ्रिजवर, नंतर (मंदाकिनीबाई भाजी आणायला गेल्या होत्या तेव्हा) देवघरात. परदेशातल्या एका चर्चामंचावर त्यांनी आपली कैफियत मांडली, त्यावर कुणीतरी उत्तर दिलं, 'माझ्याकडे चालतं.' वामनरावांनी त्याला असं काही सुनावलं, की मंचाने त्यांनाच बोलायला बंदी केली.

लॅपटॉप बिचारा खरं तेच सांगत होता. नोंदींमध्ये दर वेळी स्पष्ट लिहून यायचं, की वायफाय बटणाने बंद केलं गेलं आहे.

"खोटारडा," वामनराव म्हणाले. "खोलीत मी एकटा. बटण कोण दाबणार?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं. त्या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला, मधोमध, वायफायचं एक चपटं बटण होतं. एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू. वामनरावांनी ते कधी पाहिलंच नव्हतं, कारण टेबलखुर्ची त्यांना मंजूर नव्हती. चिटणिसाने गादीवर मांडी घालून, उतरत्या झाकणाच्या बैठ्या डेस्कापाशीच काम करायचं, ही घराण्याची रीत. त्या उतारावर लॅपटॉप घसरत घसरत त्यांच्या पोटाशी येऊन टेकायचा. आणि वामनरावांचं पोट म्हणजे बडोद्याच्या सेवउसळीने मनापासून घडवलेलं पोट. त्यांनी आवेशात छातीभर श्वास घेतला, की छातीआधी ते पुढे यायचं आणि बटण दाबलं जायचं. पुढच्या मोठ्या श्वासाला पुन्हा चालू.

"परवा मी डायनिंग टेबलावर लावून पाहिलं तेव्हा नीट चाललं होतं ना? मग तिथेच बसा की," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"आणि पुणेकरांना पाठीमागे फ्रिज दाखवू?"

"नाहीतर माझ्या फोनवरून बोला."

"फोनवरून बोललो तर यंत्र जिंकलं. मी बोलणार तर याच्यावरून, इथूनच, मांडी घालून."

"हशे हवे, असू द्या," मंदाकिनीबाई म्हणाल्या. माहेर बडोद्यातल्याच घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतलं असल्यामुळे त्या कंटाळल्या की गुजरातीत कंटाळायच्या.

रविवारी सकाळी संमेलन भरलं. वामनराव जरीचं उपरणं घेऊन, कागद समोर धरून बसले. मंदाकिनीबाई पलीकडे सोफ्यावर कानात इअरफोन घालून आपल्या फोनवरून हजर होत्या. बळवंतरावांनी पडद्यावरून खाकरून सांगितलं, "आता बडोदे शाखेचे वामनराव बोलतील. थोडक्यात."

'थोडक्यात' ऐकून वामनरावांच्या कपाळाची शीर तटतटली. त्यांनी चष्मा सावरला, कागदात डोळे घातले आणि सुरुवात केली. "आक्षेप आहे, की आम्ही मराठीत गुजराती मिसळतो. होय. मिसळतो."

श्वास. मग जे काही ते कडाडले, की बाल्कनीतली कबुतरं उडाली. दोन भाषा येणं म्हणजे काय, आणि एका भाषेत दोनदा अपमान करणं म्हणजे काय, सगळं सांगितलं. धापा टाकत त्यांनी मान वर केली, तर पडद्यावर सगळे टाळ्या वाजवत होते. बळवंतरावसुद्धा.

गडी फुलला. "आक्षेप दुसरा. आमच्या ताटात चिटणिसी स्वयंपाक उरला नाही. होय. उरला नाही." पुन्हा श्वास, पुन्हा पानभर तोफखाना. मान वर केली तर पुन्हा टाळ्या. ग्वाल्हेरच्या एक काकू डोळे पुसत होत्या. वामनरावांना वाटलं, बिचारीला आपलाच स्वयंपाक आठवला असणार.

तिसऱ्यापर्यंत पाठ भरून आली होती, म्हणून ते मागे लोडाला रेलले. "आक्षेप तिसरा. आम्हाला तोरा आहे, आमचं चुकलं असं आम्ही कधी म्हणत नाही. होय. आमचं चुकलं." आणि मग कागद बाजूला ठेवून, डोळे मिटून, ते असे बरसले की दरबारातल्या त्यांच्या पूर्वजांनीही कान झाकले असते. संपलं तेव्हा पडदा रिकामा होता. वायफाय गेलेलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. बळवंतराव होते, आणि त्यांचा आवाज चक्क ओला होता.

"वामनराव, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं. मी एवढे वाईट आरोप केले. तुम्ही प्रत्येकाला नुसतं 'होय' म्हणालात आणि डोळे मिटून स्तब्ध झालात. मिनिट-मिनिट तसेच, हलला नाहीत. चिटणिसांच्या कुळात एवढी नम्रता मी पहिल्यांदा पाहिली. ठराव एकमताने झाला. पुढचं संमेलन बडोद्यात."

वामनरावांनी फोन ठेवला आणि ते लाल झाले. "मी नम्र? त्यांनी 'पण' ऐकलंच नाही! आत्ता परत जोडतो आणि पहिल्यापासून सांगतो. मला असलं भीक घातलेलं संमेलन नको."

"सांगा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ते बघा, पुढच्या कडेला बटण आहे. तुम्ही श्वास घेता, पोट त्याच्यावर जातं. छाती न भरता हळू बोललात तर सगळं ऐकू जाईल. मग संमेलन पुण्याला."

वामनरावांनी वाकून पाहिलं. बटण होतं. बोटाने दाबलं, लॅपटॉपच्या कोपऱ्यातला वायफायचा दिवा विझला. पुन्हा दाबलं, लागला. संमेलन बडोद्यात येत होतं, त्यांच्याच तोंडच्या 'होय'मुळे, आणि त्यासाठी त्यांना आयुष्यभर गप्प बसावं लागणार होतं.

"तुला कधी कळलं हे?"

"दुसऱ्या मुद्द्याला."

"आणि सांगितलं नाहीस?"

"टाळ्या पडत होत्या."

वामनरावांनी उपरणं काढून ठेवलं. मग एकदम काहीतरी सुचून त्यांनी मान वर केली. "थांब. तिसऱ्याला मी लोडाला रेललो होतो. लॅपटॉप पोटाला लागतच नव्हता. मग तेव्हा वायफाय कसं गेलं?"

"तेव्हा राउटर मी बंद केला," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तुमचं 'आमचं चुकलं' म्हणून झालं होतं."