नामाभाऊंचा सेंटर फॉरवर्ड

मला नाही म्हणायला पाठवलं होतं आणि मी हो म्हणून आलो.

झालं ते एवढंच. आमच्या हॉकी टीमचा सेंटर फॉरवर्ड दिलीप, ज्याच्या जिवावर आम्ही बाकीचे दरवर्षी मैदानात उतरण्याची हिंमत करायचो, तो मी एका रविवारी दुपारी खाणवाल्यांच्या टीमला देऊन टाकला. बदल्यात गोलकीपरचं किट आणि दोन पोरं आणली. शिवाय गावरान कोंबड्याचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी खाल्ल्या, त्या वेगळ्या. पण ही गोष्ट माझी नाही, नामाभाऊंची आहे. मी तिच्यात फक्त गाढवाचं काम केलं.

नामाभाऊ आमचे मॅनेजर, कोच, मैदान आखणारे आणि पंचांशी भांडणारे. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात मशीनवर उभं राहून त्यांनी नोकरी काढली आणि रिटायर झाल्यावरही बसायचं नाव घेतलं नाही. हे मी शब्दशः सांगतो आहे. नामाभाऊ बसत नाहीत. चहाचा ग्लास हातात घेऊन ते टपरीपासून चपलावाल्याच्या दुकानापर्यंत जातात, वळतात, परत येतात. चहा संपतो तेव्हा ते जिथे असतील तिथे ग्लास ठेवतात, आणि टपरीवाला संध्याकाळी गावभर ग्लास गोळा करत फिरतो. चंद्रपूरची गाडी आमच्याकडूनच सुटते, अख्खा डबा रिकामा असतो, तरी हे दारात उभे. न्हाव्याच्या खुर्चीत तेवढा इलाज नाही, पण तिथेही पांढऱ्या कापडाखाली दोन्ही पाय कवायत करत असतात.

"पाय चालू ठेवा!" हा त्यांचा मंत्र. मैदानात आम्हाला सांगतात ते ठीक. पण पाय प्लॅस्टरमध्ये लटकवून दवाखान्यात पडलेल्या आमच्या राइट हाफलाही ते हेच सांगून आले होते. मंगलाष्टकं संपल्यावर माझ्या पुतण्याच्या कानात काहीतरी पुटपुटले, तो बिचारा आशीर्वाद समजून पाया पडला. नंतर मला विचारतो, "काका, ते पाय चालू ठेव म्हने. म्हंजे पळून जाऊ का?"

मॅच सुरू असताना ते बाजूच्या रेषेवरून इतके फिरतात की एकदा पंचांनी तक्रार केली, "तुमचा मॅनेजर तुमच्या हाफबॅकपेक्षा जास्त धावून राह्यला." तक्रार खरी होती. आम्ही अपील केलं नाही.

टीमचं वय काय सांगू? दिलीप सगळ्यांत तरुण, आणि त्याच्या मोठ्या मुलीने यंदा दहावीचा फॉर्म भरला. भाऊराव गोली क्रिकेटचे पॅड आणि मोटरसायकलचं हेल्मेट घालून गोलात उभा राहायचा. काच खाली केली की त्याला बॉल दिसायचा नाही आणि वर केली की त्याला भीती वाटायची. मी लेफ्ट बॅक. त्या बाजूच्या झुडपांत बिबट दिसल्यापासून तिकडे बॉल मारायला कोणी धजत नव्हतं, त्यामुळे माझा खेळ सुधारला होता. टीमचा सेक्रेटरीही मीच, कारण स्कूटर माझी.

तर थंडीतल्या स्पर्धेच्या तोंडावर चंद्रपूरच्या कोळसा खाणवाल्यांचा निरोप आला. त्यांच्याकडे पोरं मुबलक होती, पण गोलासमोर थंड डोक्याने उभा राहणारा एक नव्हता. दिलीप द्या, बदल्यात दोन तरणी पोरं आणि गोलकीपरचं कोरं किट घ्या. नावं रविवारी संध्याकाळी पाचला बंद होणार. त्यानंतर कोणी कोणाचा होत नाही.

टपरीवर नुसता कल्ला उठला.

"देऊन टाका," भाऊराव म्हणाला. किट हा शब्द ऐकल्यापासून त्याचं लक्ष दुसरीकडे कुठे नव्हतं. "दिल्या अजून किती खेळन? यंदा कोनी मागून तरी राह्यलं. पुढच्या साली फुकट कोनी नेनार नाई त्याले."

"अन् मंग गोल कोन मारन? तुझं किट?" कोणीतरी विचारलं.

"तशेही आपन पहिल्याच राउंडात घरी येतो. दिल्या असून काय उजेड पडला? दोन पोरं आली त पुढची टीम तरी होईन."

"पुढच्या टीममध्ये तू राह्यशील का बे?"

पोरं घ्यायची म्हणजे आपल्यातलं कोणीतरी बाहेर बसणार, हे त्या क्षणी प्रत्येकाला कळलं. प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं.

नामाभाऊ रस्त्यावर येरझाऱ्या घालत ऐकत होते. ते गरकन वळले. "काऊन विकता बे त्याले? भंगार हाये का तो? माझ्या टीममधलं कोनी कुठी जानार नाई. इषय संपला."

दिलीप कोपऱ्यात उभा होता. वायरिंगची कामं करतो, बोलतो कमी. त्याच्या हातात पहिली स्टिक नामाभाऊंनीच दिली होती, तो शाळेत असताना. तो म्हणाला, "भाऊ म्हनत असन त मी इथीच." पण हे म्हणायच्या आधी त्याने एक श्वास घेतला होता. खाणवाल्यांची टीम दरवर्षी फायनलला जाते आणि दिलीपने कप कधी हातात धरलेला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

विषय संपला म्हणणारे नामाभाऊ पुढचे चार दिवस मात्र जागेवर नव्हते. म्हणजे एरवीही नसतात, पण आता चालीत फरक होता. मधेच थांबायचे, मग तरातरा निघायचे. मैदानाला पाणी मारताना अर्ध्यात पाइप टाकून गेटपर्यंत जाऊन आले. एक दिवस तर कोणाला न सांगता गाडीने चंद्रपूरला गेले आणि संध्याकाळी परत.

रविवारी सकाळी माझ्या दारात हजर. "सेक्रेटरी, तू जा खाणीत. तोंडावर नाई सांगून ये. अन् ही दिल्याची स्टिक ने. चंद्रपूरच्या दुकानात हिची ग्रिप बदलून आन."

आमच्याकडच्या स्पर्धांची एक रीत आहे. कागद नंतर होतात. सेक्रेटरीने खेळाडूची स्टिक समोरच्यांच्या हातात दिली की खेळाडू त्यांचा झाला. ती परत मागायची नाही. मागितली तर त्या टीमला पुढे कोणी मॅचला बोलावत नाही. ही रीत मला पाठ आहे. मी सेक्रेटरी आहे.

दुकान रविवारी बंद असतं, हे मला त्याच्या शटरसमोर उभं राहिल्यावर आठवलं. मग काय, स्टिक खांद्याला लावूनच खाणीच्या कॉलनीत पोचलो. त्यांचे मॅनेजर गजाननभाऊ फाटकातच उभे. माझ्या खांद्याकडे पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, मी फार दिवसांनी भेटतोय म्हणून असेल.

"आनली तुमी! वा!"

"नाही, म्हणजे ते..."

"आधी जेवा. बाकी मंग."

आता जेवताना नकार देणं मला बरं वाटेना. जेवल्यावर देऊ असं ठरवलं. रस्सा असा होता की डोळ्यांत पाणी आलं. गजाननभाऊंना वाटलं, दिलीप जाणार म्हणून आलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कोपऱ्यातली स्टिक उचलली, कपाळाला लावली, आणि त्यांच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी भाकरीचा मोठा घास नुकताच तोंडात घातला होता. तोंडात घास असताना नाही म्हणता येत नाही. करून पाहा.

घास गिळेपर्यंत एक पोरगा नाव चढवायला स्पर्धेच्या ऑफिसात निघूनही गेला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तुमची ही दोन पोरं खेळतात कुठे?"

"एक राइट बॅक, एक लेफ्ट बॅक."

दिलीपबरोबर मी माझीही जागा देऊन बसलो होतो.

किट स्कूटरला बांधून परत आलो तेव्हा नामाभाऊ मैदानात फक्कीने पांढऱ्या रेषा मारत होते. मी त्यांच्या बाजूने चालत चालत सगळं सांगितलं. ते थांबले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "स्टिक त्यांच्या हातात गेली?"

"गेली."

"नाव चढलं?"

"पाचच्या आधीच."

"नालायक हायेस," ते म्हणाले, पण इतक्या हळू की मला वाटलं धक्का बसला असावा.

बाकीच्यांनी ती कसर भरून काढली. त्यांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊराव सगळ्यांत जास्त ओरडत होता, मग त्याने नवं हेल्मेट घालून पाहिलं आणि आतूनच म्हणाला, "वाईट झालं." ते त्याने नंतर काढलंच नाही. तो तसाच घरी गेला.

दिलीप आला तो लाल होऊन. "सेक्रेटरी, मी बैल हाओ का? दोर हातात देऊन आले तुमी?" मग नामाभाऊंकडे वळला. "भाऊ, मी नाई जात."

"स्टिक गेली," नामाभाऊ म्हणाले. "आता तू नाई गेलास त आपल्या टीमची इज्जत जाते. जा. पाय चालू ठेवजो."

आणि पाठ फिरवून ते गोलासमोरची रेषा आखायला लागले. ती अर्धगोल रेषा त्या दिवशी वळलीच नाही. सरळ गेली, मैदानाच्या मध्यापर्यंत.

आम्ही पहिल्या राउंडात हरलो. पोरं झकास खेळली. मी बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. पण नामाभाऊ टपरीवर यायचे बंद झाले आणि मला शेंगाही गोड लागेनात. शेवटी मी त्यांच्या घरी माफी मागायला गेलो. ते नव्हते. सुमनवहिनी अंगणात लाखोळीची डाळ निवडत होत्या.

"वहिनी, मी भाऊंचा घात केला."

त्यांनी सुपातून मान वर केली. "किती दिवस तोंड पाडून फिरनार, भाऊजी? तुमाले रविवारी पाठवलं, त्याच्या आधी ते सोता चंद्रपूरच्या गाडीनं जाऊन आले खाणीत. दिल्याले घ्या म्हनून सांगाले."

मी जमिनीवर बसलो.

"दिल्याचे गुडघे या सालापुरतेच हायेत म्हने. एकदा त कप हातात धरू द्या पोराले. पन आपन जा म्हटलं त त्याले वाटन, भाऊनं हाकललं. अन् टीमवाल्यायले वाटन, भाऊनं आपल्या डोक्यावरचा हात काढला. म्हनून तोंडानं नाई म्हनत राह्यले. ग्रिप त त्यायनं शनिवारीच नवी गुंडाळली, इथीच उभ्यानं."

"मग मलाच का पाठवलं?"

"मी म्हटलं ना, दुसऱ्या कोनाले पाठवा. त म्हने, दुसरा कोनी खरंच नाई म्हनून येईन."

त्या पुन्हा डाळ निवडायला लागल्या. निवडता निवडता म्हणाल्या, "दिल्या रोज ग्राउंडवर जाताना फाटकातून हाक मारे. आता तो तिकडं जाते प्रॅक्टिसले. हे त्या टायमाले फाटकापरेंत जातात अन् वापस येतात. मी काई बोलत नाई."

फायनलला मी एकटाच गेलो. नामाभाऊ येणार नाही म्हणाले होते. मैदानाच्या पलीकडे पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या मागे कोणाची तरी सावली इकडून तिकडे, तिकडून इकडे होत होती. मी गेलो. दिलीप डावीकडे धावला की नामाभाऊ टँकरच्या डाव्या चाकापर्यंत, उजवीकडे धावला की उजव्या. मला पाहून ते दचकले.

"तू काऊन आला?"

"तुम्ही?"

"मी ग्राउंड पाहाले आलो. पानी बराबर मारलं का नाई यायनं."

दिलीपने गोल मारला तो शेवटी शेवटी, गर्दीतून, अगदी सावकाश, म्हाताऱ्या माणसाने उंबरठ्यावरून पाय टाकावा तसा. मग कप आला. पोरांनी दिलीपला खांद्यावर उचललं. वर बसून तो हसत होता आणि मान वळवून वळवून गर्दीत कोणाला तरी शोधत होता.

"भाऊ, चला ना. तुम्हालाच शोधतोय तो."

"नाई." टँकरच्या नळाखाली त्यांनी तोंड धुतलं, दोनदा. "मी दिसलो त कप घेऊन माझ्याकडे येईन तो. बाकीच्या पोरायले कसं वाटन? त्यायचा हाये आता तो. होऊ दे त्याचं."

मॅच संपली होती, तरी त्यांचे पाय थांबत नव्हते. घरी जायची वेळ झाली होती आणि ते तिकडे वळत नव्हते. फाटकातून हाक मारणारं कोणी उरलं नाही अशा घरी जायची घाई कोणाला असते? मला ते पाहवेना. या माणसाचं दुःख हलकं करावं, असं मनापासून वाटलं. लेफ्ट बॅकची माझी जागा तर गेलीच होती, सेंटर फॉरवर्डची रिकामी होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "नामाभाऊ, तुम्ही काळजीच करू नका. पुढच्या वर्षी दिलीपच्या जागी मी खेळतो."

ते पहिल्यांदाच पूर्ण थांबले. त्यांनी मला चपलांपासून पोटापर्यंत नीट पाहून घेतलं. त्याच्या वर जायची त्यांना गरज वाटली नाही.

"त्यापरस," ते म्हणाले, "मी दहाच जनं उतरवीन."