नडीनचं रिव्हॉल्वर आणि माझा अंगठा

बायकोसाठी पिस्तूल निवडावं तर आम्हीच! नॉर्थ डकोटातल्या आमच्या तेलविहिरीवर कुणाला घरच्या रखवालीसाठी पिस्तूल घ्यायचं असलं, की गडी आधी माझ्याकडे येतो. मग मीही कॉफीचा मग हातात धरून असा बोलतो, की जणू शंभर दरोडे एकट्याने परतवलेत. खरं तर आजवर मी एक कोल्हासुद्धा परतवलेला नाही. पण हे त्यांना कोण सांगणार?

तर गेल्या वसंतात मी ओक्लाहोमाला घरी होतो. दोन आठवडे विहिरीवर, दोन आठवडे घरी, असं आमचं चालतं. निघायच्या आदल्या सकाळी नडीन म्हणाली, "लॉनी, तू नसलास की मागच्या दाराशी काहीतरी वाजतं रे. डोळा लागत नाही."

"बस! कळलं मला!"

"काय कळलं?"

"तुला पिस्तूल हवंय!"

ती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात बरंच काही होतं. पण तोवर मी टोपी शोधायला उठलोसुद्धा होतो.

हॉलिसच्या बंदुकांच्या दुकानात शिरताच मी एक इटुकलं पिस्तूल उचललं. पर्समध्ये पावडरच्या डबीशेजारी मावेल असं! "छोट्या हाताला छोटं पिस्तूल!" मी जाहीर केलं.

हॉलिस खाकरला. "जितकं हलकं तितकं उसळतं, बाबा."

"मला शिकवतोस होय रे?"

दुकानामागच्या मैदानात नडीनने बार काढला. गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक! पिस्तूल उसळलं आणि तिची टोपी गवतात! "असं नाही धरायचं," म्हणत मी पुढे झालो, तर माझंच बोट सोलपटलं. मग मी एक मोठं, महागडं पिस्तूल आणलं. त्याचा वरचा सरकता भाग मागे ओढता ओढता नडीन टोमॅटोसारखी लाल झाली.

"हे सरकेपर्यंत चोर जेवून, भांडी घासून जाईल!" ती म्हणाली.

शेवटी तिनेच कोपऱ्यातलं एक जाडजूड रिव्हॉल्वर उचललं. "याला काय करावं लागतं?"

"गोळ्या भरायच्या, चाप ओढायचा," हॉलिस म्हणाला. "भरवशाचं आहे. महिनोन्‌महिने विचारपूस केली नाहीत तरी रुसत नाही. हाक मारली की ओ देतं."

नडीन माझ्याकडे बघून म्हणाली, "असं काहीतरी घरात असावंच."

मी खो खो हसलो! आणि तिने एकामागून एक सगळ्या गोळ्या मैदानात निशाण म्हणून टांगलेल्या कागदी बशीत घातल्या.

तिच्या बहिणीची पोरं घरात येतात-जातात, म्हणून रिव्हॉल्वरसाठी मी अंगठ्याच्या ठशाने उघडणारी लोखंडी पेटी घेतली. किल्लीच नाही, तर हरवणार काय? बघावं चालते का, म्हणून मी माझा अंगठा त्यात नोंदवला. तेवढ्यात नडीनने तळलेले मासे खायला हाक मारली. मासे खाल्ले, सकाळी ट्रक काढला, विहीर गाठली!

पुढे साहेबाने जादा पाळ्या दिल्या, मी घेत गेलो. सुट्टी आली आणि गेली. खोटं कशाला बोलू? घराची फार आठवण यायची. नडीनचा एक जुना सदरा मी उशीखाली ठेवतो. शेजारच्या खाटेवरच्या बर्लला सांगितलंय, की तो बंदूक पुसायचा फडका आहे.

आणि एक दिवस तिचा फोन. "पेटी उघडत नाही रे."

"अगं, अंगठा ठेव."

"ठेवला. तिला तुझाच हवाय."

"आणि मागे वाजतंय अजून?"

"वाजतंय की! ऐकवू?"

मी धावत जेवणघरात गेलो. आमचा आचारी ऑटिस मोठा खटपट्या! त्याने नडीनला पाठवायला म्हणून पेस्ट्रीच्या कणकेत माझा अंगठा दाबला आणि ठसा भट्टीत भाजला. ठसा असा फुगला, की तो हत्तीचा वाटावा! तो आम्ही कॉफीत बुडवून खाल्ला.

तोंड पुसत बर्ल म्हणाला, "अरे गाढवा, अंगठ्यामागचा माणूसच जाऊ दे की घरी!"

हे मला रोज सुचत होतं. पण घरी जायला काहीतरी कारण लागतं, अशी माझी समजूत. आता मिळालं! "बायकोला अंगठा द्यायला जायचंय," असं साहेबाला सांगितलं. त्याने घाबरून सुट्टी दिली.

नेब्रास्का, कॅन्सस मागे टाकत घरी पोचलो. टेबलावर अक्रोडासारख्या पेकनची गोड पेस्ट्री वाफाळत होती. "आधी अंगठा!" म्हणत मी बुटांसकट पेटीकडे धावलो.

लाल दिवा! पुसून ठेवला. लाल! साबणाने धुऊन ठेवला. पुन्हा लाल! मी अंगठा उजेडात धरला. साखळ्या आणि पाइप ओढून ओढून त्यावरच्या रेषाच झिजून गेल्या होत्या.

मी पलंगावर मटकन बसलो. "नडीन," मी म्हटलं, "मला माझं घर ओळखत नाही गं आता."

ती वाकली आणि आपला अंगठा पेटीवर ठेवला. हिरवा दिवा. खट्! पेटी उघडली!

"हे... हे कधीपासून?"

"तू गेलास त्याच दिवसापासून. हॉलिसने फोनवर सांगितलं कसं करायचं ते."

"मग मला एवढ्या लांबून बोलावलंस कशाला?"

"मी पिस्तूल मागितलं होतं का रे?" तिचे डोळे भरले होते. "मी म्हटलं होतं, तू नसलास की वाजतं."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना पेकनचा आणि साखरेचा वास होता. तो वास कुठल्याच सदऱ्यात टिकत नाही. एवढ्यात मागे वाजलं. खड्! खड्! माझा हात रिव्हॉल्वरकडे गेला, तर नडीनने पेटी बंद केली आणि माझ्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला.

मागच्या जाळीच्या दाराची बिजागरी! दोन वर्षांपूर्वी 'उद्या करतो' म्हणालो होतो, तीच.

मुकाट्याने एकेक स्क्रू पिळत गेलो. शेवटच्याला हात घातला, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, "लॉनी, तेवढा ढिला राहू दे हं!"